सूक्ष्माचे नियम आणि स्थूलाचे कारागीर

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ७ तारखेस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आमचे एक शेजारी वर्तमानपत्राची घडी काखेंत मारून आमच्या निगडीच्या घरीं आले. हे गृहस्थ भोसरीच्या एका कारखान्यांत चौतीस वर्षें टूलरूममध्यें फिटर होते. आतां सेवानिवृत्त आहेत. जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे व जॉन मार्टिनिस या तिघांना विजेच्या मंडलांतील कसल्याशा शोधाबद्दल पारितोषिक मिळालें, एवढें त्यांनीं वाचलें होतें. त्या शोधाचा अर्थ त्यांना आमच्याकडून हवा होता.

आम्ही आनंदानें सांगावयास बसलों. भिंतीवर चेंडू मारला तर तो परत येतो. पण इलेक्ट्रॉनासारखा सूक्ष्म कण कधीं कधीं भिंतीवरून उडी न मारतां तिच्यांतून आरपार निघून जातो. आणि या तिघांनीं हातांत धरतां येईल एवढ्या तुकड्यावरील विद्युन्मंडलाकडून असाच चमत्कार करवून दाखविला, असें आम्हीं त्यांना समजावून दिलें. हें सर्व अतिशय कमी तापमानास, शून्याखालीं सुमारें २७३ अंशांवर, घडतें, हेंही सांगितलें. गृहस्थांनीं शांतपणें ऐकून घेतलें, क्षणभर विचार केला, आणि म्हणाले, "सर, इतकं गार ठेवायचं म्हणजे भांडं साधं नसणार. ते भांडं कुणी केलं?"

हा विषय आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों. त्यांतील समीकरणें पुस्तकांत न पाहतां फळ्यावर लिहितों. परंतु भांडें कोणीं केलें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आणि तें ठाऊक असावें असें आमच्या मनांतही कधीं आलें नव्हतें. पुढील कांहीं महिने आम्हीं या एका प्रश्नामागें घालविले. त्यांतून जो इतिहास हातीं लागला, तो वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांस असें आढळून आलें कीं, अणूच्या पोटांतील व्यवहार आपल्या डोळ्यांसमोरच्या व्यवहारासारखा चालत नाहीं. तेथें ऊर्जा दुधासारखी हवी तेवढी ओतून घेतां येत नाहीं. ती नाण्यांसारखी ठराविक पुंजांनींच द्यावी-घ्यावी लागते. शिवाय तेथील कण प्रसंगीं लाटेसारखे वागतात. या विचारास पुंजवाद म्हणतात. इंग्रजीच्या वळणानें त्यास क्वांटमवादही म्हणण्याची चाल आहे. हे नियम सूक्ष्मापुरते आणि चेंडू, गाडी व ग्रह यांचे नियम न्यूटनचे, अशी वांटणी पुष्कळ दिवस सर्वांना मान्य होती.

स्थूल वस्तूंत हे नियम दिसत कां नाहींत? आमच्या भागांतील एक दृष्टान्त घेऊं. सुटीच्या दिवशीं पिंपरीच्या बाजारांत हजारों माणसें असतात, पण प्रत्येकाची चाल निराळी. त्या गर्दीस मिळून एक चाल अशी नसतेच. परंतु आषाढांत तुकोबांची पालखी देहू सोडून पहिल्या मुक्कामास आकुर्डीस येते, तेव्हां दिंडींतील वारकरी मृदंगाच्या एका ठेक्यावर पाऊल टाकतात. एकाचें पाऊल सांगितलें म्हणजे शंभरांचें सांगून झालें. पदार्थांतील कण एरवीं बाजारांतील गर्दीप्रमाणें असतात. उष्णता त्यांना एकसारखी धक्के देत असते. तो गोंधळ पुरता शमविला, तर कांहीं विशिष्ट पदार्थांतील कोट्यवधि कण एका तालांत येतात, आणि सूक्ष्माचा नियम उघड्या डोळ्यांस दिसेल एवढ्या प्रमाणांत प्रकट होतो. यालाच स्थूल पुंजाविष्कार म्हणावयाचें. तो पाहण्यास पहिली गरज बुद्धीची खरी. पण तितकीच थंडीचीही.

निसर्गांत थंडीला एक तळ आहे. शून्याखालीं २७३.१५ अंश हा तो तळ. त्यापासून वर मोजलेल्या अंशांस केल्विन म्हणतात. या तळापाशीं जाण्याचें मुख्य साधन म्हणजे हेलियम वायु. सर्व वायूंमध्यें द्रव होण्यास हा सर्वांत हट्टी. त्याचा द्रव ४.२ केल्विनलाच उकळतो.

या हेलियमच्या शोधाशीं आमच्या कोंकणचें नांव नेहमीं जोडलें जातें. विजयदुर्गच्या किल्ल्यांतील 'साहेबाचे ओटे' पाहून आलेल्या अनेकांनीं आम्हांस सांगितलें आहे कीं, १८६८ सालीं लॉकियरसाहेबांनीं तेथूनच हेलियम शोधून काढला. ही गोष्ट ऐकावयास गोड असली तरी खरी नाहीं. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास ग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली, तेव्हां फ्रेंच ज्योतिषी यान्सेन गुंटूरला व लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस उपकरणें लावून बसले होते. लॉकियर इंग्लंडांत होते. सूर्याच्या प्रकाशांतील एक पिवळी रेषा त्यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथूनच तपासली, आणि पुढें ती एका अज्ञात मूलद्रव्याची ठरविली. पृथ्वीवर हा वायु रॅम्से यांना १८९५ सालीं सांपडला. लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं, आणि तेथें त्यांची दुर्बिणींची मांडामांड करण्यास एका इंग्रजी युद्धनौकेचे खलाशी होते. त्याच ग्रहणासाठीं पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें गेले, व त्यांनीं आपल्या वेधांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या ओट्याचा आम्हांस केवढा अभिमान! आणि आपल्या पुण्याच्या प्राध्यापकाचें जेऊर मात्र कोणी पाहावयास जात नाहीं. असो; हेलियम सांपडला. आतां त्याचा द्रव करावयाचा होता.

तो द्रव प्रथम हातीं आला हॉलंडांतील लायडन या गांवीं, १० जुलै १९०८ रोजीं. हाइके कामरलिंग ओनेस हे तेथें १८८२ पासून प्राध्यापक होते. त्यांची प्रयोगशाळा आमच्या समजुतींतील प्रयोगशाळेपेक्षां कारखान्यासारखीच अधिक होती. पंप, दाबयंत्रें, नळ्यांचें जाळें, आणि त्यांच्यामागें अहोरात्र राबणारीं माणसें. अशीं माणसें तयार मिळत नाहींत हें ओळखून ओनेस यांनीं १९०१ सालीं उपकरण घडविणाऱ्या कारागिरांच्या शिक्षणासाठीं एक संस्थाच उभी केली. तेथील उमेदवार मुलगे निळे अंगरखे घालीत, म्हणून गांवांत त्यांना 'निळे पोरगे' म्हणत. हें वाचतांना सकाळीं सहाच्या सुमारास निगडीच्या थांब्यावर कारखान्याच्या बसची वाट पाहणारे निळे गणवेश आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

आमच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. भांडें केलें तें खेरिट यान फ्लिम या यंत्रकारागिरानें, आणि त्याची कांच फुंकली ती ऑस्कर केसेलरिंग या कांचकारागिरानें. ओनेस यांनीं द्रव हेलियमवरील आपल्या निबंधाच्या शेवटीं दोघांचेही नांवानिशीं आभार मानले आहेत. त्या दिवशीं जो द्रव मिळाला तो एका लहान पेल्यांत मावेल एवढाच होता. परंतु पुढील १५ वर्षें सबंध जगांत द्रव हेलियम मिळण्याचें ठिकाण तेंच एक.

तीन वर्षांनीं, ८ एप्रिल १९११ रोजीं, फ्लिमनें केलेल्या नव्या पात्रांत हेलियम घेऊन पाऱ्याच्या बारीक धाग्याचा विद्युद्रोध मोजण्यांत आला. मोजणी करीत होते खिलेस होल्स्ट. त्यांचें सूक्ष्म मापक दूरच्या एका अंधाऱ्या खोलींत होतें. तापमान ४.२ केल्विनच्या आसपास आलें, आणि रोध हळूंहळूं न घटतां एकाएकीं नाहींसा झाला. वीज तारेंतून वाहते आहे, पण तिला अडवणारें कांहींच नाहीं, असा हा प्रकार. यास अतिवाहकता म्हणतात. त्याच दिवसाच्या टिपणवहींत आणखी एक नोंद आहे: तापमान आणखी उतरवितांना हेलियमची उकळी एकाएकीं थांबली. तो दुसरा स्थूल पुंजाविष्कार होता. वहींत तो उतरला. मात्र त्याची ओळख पटण्यास २७ वर्षें जावयाचीं होतीं.

अतिवाहकतेचा निबंध एकट्या ओनेस यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांना १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. होल्स्ट यांचें पुढें काय झालें? ते १९१४ सालीं आइंडहोव्हनच्या फिलिप्स कंपनींत गेले व तिच्या संशोधनशाळेचे पहिले प्रमुख झाले. दिव्यांच्या कंपनीनें प्राध्यापकाच्या हाताखालील शास्त्रज्ञ नेला आणि शंभर वर्षें पुरेल एवढें भांडवल मिळविलें. याच फिलिप्सनें पुढें आमच्या चाकणलाही वैद्यकीय यंत्रांचा कारखाना काढला. पारा गोठविणाऱ्या त्या अंधाऱ्या खोलीचा धागा असा फिरत फिरत आमच्या दारापर्यंत येतो.

दुसऱ्या आविष्काराची ओळख पटली १९३८ सालीं. प्योत्र कपित्झा हे शिक्षणानें अभियंते. केंब्रिज येथें असतांना त्यांनीं हेलियम द्रव करण्याचें दट्ट्याचें यंत्र १९३४ सालीं बांधलें. अडचण अशी कीं, त्या थंडींत कोणतेंही तेल दगडासारखें गोठतें. मग दट्ट्याला वंगण कसलें द्यावें? कपित्झा यांनीं दट्ट्या आणि नळकांडें यांमध्यें केसाएवढी फट ठेवली, आणि तींतून निसटणारा हेलियम वायुच वंगण म्हणून वापरला. त्याच वर्षीं ते मायदेशीं गेले असतां सोव्हिएट सरकारनें त्यांना परत जाऊं दिलें नाहीं. पुढें केंब्रिजमधील त्यांची उपकरणें रशियानें विकत घेतलीं. ८ जानेवारी १९३८ च्या 'नेचर' नियतकालिकांत मॉस्कोहून कपित्झा यांचें आणि केंब्रिजहून ॲलन व मिझनर यांचें, अशीं दोन टिपणें शेजारीं शेजारीं छापलीं गेलीं. २.१७ केल्विनच्या खालीं हेलियम घर्षणावांचून वाहतो, केसाहून बारीक चिरेंतून सहज निसटतो, असें दोघांसही आढळलें होतें. या अतिप्रवाहितेचें मर्म फ्रिट्झ लंडन यांनीं त्याच वर्षीं सुचविलें. त्यांनीं आधार घेतला तो ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या गणिताचा व आइन्स्टाईन यांनीं त्यावर उभारलेल्या भाकिताचा: पुरेशा थंडींत अणूंचा मोठा समुदाय एकाच अवस्थेंत उतरतो. दिंडीची एक पावली ती हीच.

यानंतरचा इतिहास अमेरिकेकडे वळतो, आणि तेथेंही कारागीर पुढें असतो. महायुद्धानंतर सॅम्युएल कॉलिन्स या अभियंत्यानें हेलियम द्रव करणारें असें यंत्र बनविलें, कीं तें पेटींत घालून कोठेंही पाठवितां यावें. तोंवर अतिशीताचें संशोधन हें पांच-सात विद्यापीठांचें वतन होतें; तें वतन या यंत्रानें मोडलें. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत १९५२ सालीं, आणि त्यापुढील दशकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, द्रव हेलियम तयार होऊं लागला. अतिवाहकतेची उपपत्ति बार्डीन, कूपर व श्रिफर यांनीं १९५७ सालीं मांडली: इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि त्या सर्व एका तालांत चालतात. १९६२ सालीं केंब्रिजचा बावीस वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन यानें दाखविलें कीं, दोन अतिवाहकांमध्यें अत्यंत पातळ निरोधक थर ठेवला, तरी या जोड्या तो थर भेदून पलीकडे जातात.

या सिद्धांतावरून चुंबकत्वाचें जगांतील सर्वांत नाजूक मापक १९६४ सालीं तयार झालें. दोन थर-सांध्यांचें अतिवाहक कडें केलें, तर त्यांतील दोन वाटांनीं जाणाऱ्या पुंजलाटा एकमेकींवर येतात, आणि बाहेरील चुंबकत्वांतील किंचित् फरकही त्यांत उमटतो. हा शोध कोणत्या विद्यापीठांत लागला, म्हणून आम्हीं पाहूं गेलों, तों चकित झालों. तो लागला फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधनशाळेंत! याक्लेविक, लॅम्ब, सिल्व्हर व मर्सेरो हे चौघेही मोटारींच्या कारखान्याचे पगारी नोकर. मोटार विकण्यास या शोधाचा कवडीचाही उपयोग नव्हता. तरी त्या कारखान्यानें असा प्रश्न विचारणाऱ्यांस जागा, पगार आणि द्रव हेलियम दिला.

आतां आपण २०२५ च्या पारितोषिकाकडे येतों. जॉन क्लार्क १९६४-६५ च्या सुमारास केंब्रिजमध्यें विद्यार्थी असतांना त्यांना असेंच एक मापक हवें होतें. पातळ थर चढविण्याच्या खटाटोपाऐवजीं त्यांनीं नायोबियमच्या तारेवर साध्या डागाच्या कथलाचा एक गोळा वितळवून बसविला. तारेवरील गंजाचा पापुद्रा हाच निरोधक थर झाला, आणि मापक चाललें. त्याच्या ओबडधोबड रूपावरून त्यास गोगलगाईचें नांव मिळालें. डाग देणाऱ्या कोणत्याही रेडिओ-दुरुस्तीवाल्याला ही युक्ति समजावी.

पुढें अँथनी लेगेट यांनीं एक खोल प्रश्न विचारला. जोसेफसनच्या सांध्यांतून एक एक जोडी आरपार जाते हें ठीक. पण सबंध मंडल, ज्यांत कोट्यवधि जोड्या मिळून एक वस्तु झाली आहे, तें एक वस्तु या नात्यानें भिंत भेदील काय? १९८४ व १९८५ सालीं बर्कले येथें क्लार्क, त्यांचे सहकारी देव्होरे व विद्यार्थी मार्टिनिस यांनीं सुमारें एक सेंटीमीटरच्या तुकड्यावर ही परीक्षा घेतली. मंडल एका अवस्थेंत अडकवून ठेवावयाचें, आणि तें केव्हां निसटतें तें पुन्हां पुन्हां मोजावयाचें. ऊन असतांना तें उष्णतेच्या धक्क्यानें निसटे. थंड करावें तसें निसटणें कमी होई. परंतु एका मर्यादेखालीं आणखी थंड केलें तरी निसटण्याचा वेग तसाच राहिला. धक्का देणारें कोणी उरलें नाहीं, तरी कैदी भिंतीपलीकडे जातच होता! शिवाय सूक्ष्मतरंग सोडले असतां तें मंडल ठराविक पुंजांनींच ऊर्जा घेई, जणूं तो एक मोठा अणूच.

मात्र यांत एक मेख होती. बाहेरच्या तारांतून येणारा विजेचा क्षुल्लक गोंगाटही उष्णतेसारखाच धक्का देतो, आणि मग सारें अनुमान फसतें. तो गोंगाट अडविण्यास त्यांनीं काय केलें? तांब्याच्या बारीक भुकटीनें नळी भरली, आणि तींतून गुंडाळलेली तार नेली. पारितोषिकाच्या बातमींत या नळीचा उल्लेख नव्हता. पण ती नसती तर बातमीही नसती.

आमच्या महाराष्ट्रांत या विद्येचें काय झालें, हें सांगणें आतां प्राप्त आहे. जयंत नारळीकरांचे धाकटे बंधु अनंत नारळीकर यांनीं अतिवाहकतेचें संशोधन केलें तें दिल्लीस. मुंबईंत टाटा संस्थेंतील नागराजन, लक्ष्मीचंद गुप्त, धर, विजयराघवन आदि मंडळी व त्यांच्यासह मुंबईच्या आय. आय. टी. चे पडालिया, मजुमदार व हुसेन हे, यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या एका मिश्रणाचा अभ्यास करीत होते. नमुन्यांत सुमारें १२ केल्विनला अतिवाहकतेची पुसट खूण दिसली. नमुन्यांतील दोष म्हणून ती सोडून देतां आली असती. त्यांनीं ती सोडली नाहीं. मिश्रणांत कार्बन असणें हेंच तिचें कारण ठरविलें, आणि मुद्दाम कार्बन घालून १९९४ सालीं संपूर्ण नमुना अतिवाहक करून दाखविला. त्यावरून पदार्थांचें एक नवें घराणेंच जगाच्या हातीं आलें. पुढें २०१६ सालीं त्याच संस्थेंत एस. रामकृष्णन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तेथेंच उभारलेल्या शीतयंत्रांत, बिस्मथचा स्फटिक एका केल्विनच्या सुमारें दोन हजाराव्या भागापर्यंत, नेमकें सांगावयाचें तर ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत, उतरविला, आणि तो अतिवाहक झाल्याचें पाहिलें. ज्या धातूंत सुमारें एक लाख अणूंमागें एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो, त्यांत हें घडावें हें प्रचलित उपपत्तीस धरून नाहीं. देव्होरे यांचे येल येथील शिष्य विजयराघवन राजमणी यांनींही मुंबईस येऊन अतिवाहक मंडलांची शाळा उभी केली. २०२४ सालीं टाटा संस्था, संरक्षण-संशोधन खात्याची पुण्यांतील तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा व टाटा कन्सल्टन्सी यांनीं मिळून सहा क्यूबिटांच्या, म्हणजे सहा पुंज-अंकांच्या, गणकाची परीक्षा पुरी केली. मंडलें मुंबईंत घडलीं. त्यांना चालविणारी विद्युत्सामग्री पुण्याच्या प्रयोगशाळेनें जुळविली.

पण आमच्या शेजाऱ्यांना सर्वांत जास्त आवडेल अशी हकीकत आमच्या अगदीं जवळ, पाषाण येथील आयसर संस्थेंत, घडली आहे. उमाकांत रापोल व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं २०१५ सालीं रुबिडियमच्या अणूंत बोस-आइन्स्टाईन अवस्था निर्माण केल्याचें प्रसिद्ध केलें. अशा प्रयोगांत अणूंचा ढग चुंबकाच्या एका सांपळ्यांतून दुसऱ्यांत न्यावा लागतो. इतरत्र तें वेटोळ्यांतील विजेचे प्रवाह बदलून करितात. पुण्याच्या मंडळींनीं वेटोळेंच उचलून पुढें सरकविलें, आणि सरकविलें तें दाबलेल्या हवेच्या जोरावर! ५० कोटींहून अधिक अणूंपैकीं ८० टक्क्यांहून अधिक अणु सुखरूप पलीकडे गेले, आणि शेवटीं एक लाखाहून अधिक अणु एका पावलींत उतरले. हवेच्या दाबानें सरकणारी यंत्रणा भोसरींतील कोणत्या शेडमध्यें नाहीं? दिवसाकाठीं हजार वेळां पत्रा सरकविणारी ती चाल येथें बोस यांच्या गणितास साह्य करून गेली.

पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. आणि पुढें पाहतां पाहतां कांद्याच्या बाजाराचें चाकण मोटारींचें चाकण झालें. आज या पट्ट्यांतील मोठ्या रुग्णालयांत चुंबकीय चित्रणाचें जें यंत्र असतें, त्याच्या पोटांत नायोबियम-टायटॅनियमचें वेटोळें द्रव हेलियममध्यें बुडालेलें असतें, आणि एकदां सुरू केलेला प्रवाह त्यांत वर्षानुवर्षें फिरत राहतो. आंत झोपलेला रोगी एका स्थूल पुंजाविष्काराच्या मधोमध असतो. तेव्हां ही विद्या आम्हांस दूरची नाहीं. मायक्रॉनांत काम करणारे हात येथें आहेत, फोर्डपेक्षां लहान म्हणवणार नाहींत असे कारखानेही आहेत. अशा प्रश्नांसाठीं एक खोली या कारखान्यांनीं ठेवावी, असें आम्हांस वाटतें. पण त्यांना उपदेश करण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःलाही विचारणें भाग आहे. रस्त्याच्या एका बाजूस आमचें महाविद्यालय, दुसऱ्या बाजूस टूलरूम. अठ्ठावीस वर्षांत आम्हीं तो रस्ता किती वेळां ओलांडला? एकदांही नाहीं.

हा लेख आम्हीं परवां आमच्या शेजाऱ्यांना वाचून दाखविला. कपित्झांच्या दट्ट्यापाशीं त्यांनीं आम्हांस थांबविलें. "फट किती होती म्हणालात?"

"केसाएवढी."

"म्हणजे पन्नास-साठ मायक्रॉन. जमतं," असें म्हणून त्यांनीं पुढें वाचण्याची खूण केली. शेवटीं उठतांना म्हणाले, "त्या फ्लिमचं नाव छापलं होतं ना साहेबानं? बरं केलं."

तें वाक्य आम्हांस लागून राहिलें आहे. तीस वर्षांपूर्वीं आम्हीं पीएच. डी. चें काम केलें, तेव्हां निर्वात पात्र घडविलें तें विभागाच्या यंत्रशाळेंतील एका कारागिरानें. पात्र गळत होतें. तो सांधा न् सांधा तपासून, अकरा रात्री जागून त्यानें तें निर्दोष केलें. त्या पात्रावांचून आमचा एकही आकडा उभा राहिला नसता. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, टंकलेखकही आहे, तो नाहीं. आम्हीं तें मुद्दाम केलें नाहीं. त्या वेळीं तें सुचलेंच नाहीं, आणि हेंच अधिक वाईट. तो कारागीर आतां हयात नाहीं. त्याचा मुलगा चाकणला एका कारखान्यांत कामास आहे, असें चौकशीअंतीं कळलें. त्यास आम्हीं पत्र लिहिलें आहे. पत्रासोबत प्रबंधांतील त्या पात्राच्या आकृतीची प्रत जोडली आहे, आणि आकृतीखालीं त्याच्या वडिलांचें नांव लिहिलें आहे.